हललेला खुंट

वरच्या पठारापर्यंत रस्ता नेता येईल का, की डांबर संपतं तिथेच तो थांबवायचा, हे ठरवायला आम्ही तिघं निघालो होतो. मी रस्त्यांची मोजणी करणारी. सोबत मामा, जन्मभर लाकडाचा ट्रक चालवलेला, आणि मामी, इथल्याच जंगलाची वनरक्षक. एक लाकूड वाहणार, दुसरी राखणार, आणि तरी संसार झकास! मला या जोडीचं नेहमीच कौतुक वाटत आलं आहे.

पठारावरच्या जुन्या झाडांवर मामाचा डोळा होता. ट्रक तिथवर गेला असता, तर साखळ्या लावून ओंडके दरीतून ओढत आणायची कटकट संपली असती. पाठीने तर त्याच्याशी केव्हाच असहकार पुकारला होता. निघाल्यापासून तो मला एकच विचारत होता, रस्ता वर जाणार ना?

"अहो, किती वेळा खुंट हलवून बळकट करणार?" मामी म्हणाली.

डांबर संपलं आणि उघडी चढण लागली. लहानपणी याच उतारावर मी भर दुपारी मामाचं बोट सोडत नसे, इतकी दाट झाडी होती. मग पायथ्यापर्यंत पक्का रस्ता आला. आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचू लागला, मामीची जीपही चिखलात रुतेनाशी झाली. पण मामाच्या खेपा वाढल्या, आणि त्याच्यामागून इतरांचेही ट्रक आले. रस्त्यालगतची झाडं आधी गेली, मग त्यांच्या मागची. वाट झाली आणि वाट लागली, असं मामी म्हणते. आता उतारावर नुसते खुंट उरले होते.

दरीच्या काठावर मला पुलाची जागा पाहायला खाली उतरायचं होतं. मामाने सवयीने दोर एका रुंद खुंटाला बांधला. लाकूड ओढणारे उभ्या झाडाला दोर बांधत नाहीत, साल कापली जाते म्हणून. गाठ त्याने दोनदा तपासली. खुंट मात्र हलवून पाहिला नाही!

मी अर्ध्यावर असताना वरून माती गळू लागली. मग खडे आले. मी वर पाहिलं. खुंट कुजक्या मुळांसकट उपटून येत होता!

दोर सुटला. मी घसरले. खाली पाणी गरजत होतं. मामाने स्वतःला दोरावर झोकून दिलं. तोही फरफटत काठापर्यंत आला! मामीने मागचं टोक पकडलं, धावली आणि काठावरच्या एकुलत्या एका झाडाला वेढा घातला. ट्रकला तिथे वळायला जागा नव्हती म्हणून ते झाड वाचलेलं. जोराचा हिसका बसला. झाड करकरलं. पण हललं नाही!

वर आले तेव्हा मामाचे तळहात सोलून निघाले होते. मामीने आपली ओढणी फाडून ते बांधले आणि बांधता बांधता रडली. मामा त्या झाडाच्या मुळांकडे एकटक बघत बसला. मला त्याचा राग आला नाही, फक्त त्याला घट्ट मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारली.

जरा वरच्या अंगाला खडकांवरून दरी ओलांडता आली. पठारावर गार सावली होती. पायाखालची माती स्पंजासारखी दबत होती, आणि तिच्यातून झिरपणारं पाणी दरीकडे निघालं होतं. रस्त्याच्या शेवटाची खूण म्हणून ठोकायचा लाकडी खुंट मी पिशवीतून काढला. तीन माणसांच्या कवेत न मावणाऱ्या एका झाडाजवळ टेकवला आणि हातोडी उचलली.

मामाने बांधलेल्या हातांनी खुंट काढून घेतला.

"इथं नको," तो म्हणाला. "रस्ता इथवर आला, तर मीच पहिला येईन ट्रक घेऊन. मला ठाऊक आहे मी कसा आहे."

"आणि तुमची पाठ?" मामीने विचारलं.

"ती आधीच वाकली आहे. डोंगर तरी उभा राहू दे."

उतरताना मामीने त्याचं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, आणि एरवी भांडणाऱ्या मामाने ते घेऊ दिलं.

पायथ्याला, डांबर संपतं तिथेच, मी तो खुंट ठोकला. रस्ता इथेच थांबणार होता. मामा खाली बसला. बांधलेल्या हातांनी त्याने खुंट हलवून पाहिला. मग पुन्हा एकदा हलवला.

"झाला का बळकट?" मामीने विचारलं.

"झाला," मामा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा हलवून मगच उठला.