धुतलेलं लाळेरं

मोबाइल खाली ठेव, चंदन. इशिता, तूसुद्धा. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर वर जाऊन झोपा. ही आपल्याच बिल्डिंगमधली गोष्ट आहे, माझ्या समोरच्या दारातली.

दोन हजार चोवीसचा डिसेंबर, बारा तारीख. मार्गशीर्षातला गुरुवार. संध्याकाळी मी वाटी घेऊन कमळाबाईंकडे विरजण मागायला गेलो. त्यांचा स्वरूप सकाळीच जपानहून आला होता. सहा वर्षं तिकडे. नोकरी कॉम्प्युटरची, पण दिवे लावले ते फोटोंत. बाग दिसली, काढ फोटो. देऊळ दिसलं, काढ फोटो. नोव्हेंबरात तिथली पानं लाल होतात, तर साहेब महिनाभर पानांच्या मागे. आई इथे गुडघे धरून तीन जिने चढतेय आणि हा तिला रोज एक पान पाठवतोय. दिवाळीलासुद्धा पान.

स्वरूप आत झोपला होता. बाईंनी मला हळूच देवापाशी नेलं. घटासमोर एक छोटंसं लाल लाळेरं, धुऊन घडी घातलेलं.

"त्याच्या जॅकेटच्या खिशात सापडलं," बाई म्हणाल्या. "लग्न लपवलं असेल, नातू लपवला असेल. मी नाही विचारणार. लेकरू तर माझंच ना?" मग हात जोडले. "जिथे असशील तिथून ये रे बाळा. आजीचं घर उघडं आहे."

नाव माहीत नसताना दिव्यासमोर असं कुणाला बोलावू नये. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. विरजण घेऊन घरी आलो.

जेवणानंतर स्वरूप गच्चीवर भेटला. मी लाळेऱ्याचं विचारलं, तर हसला. तिकडे डोंगरावर एक देऊळ आहे म्हणे. तिथे दगडाच्या छोट्या मूर्तींच्या रांगा. ज्यांची तान्ही मुलं गेली, ते आईबाप मूर्ती ठेवतात, गळ्यात लाल लाळेरं बांधतात. फोटो काढू नका अशी पाटीही आहे.

"एकाचा रंग विटला होता, काका. फ्रेम बिघडत होती. म्हणून सोडलं. उजेड जात होता, परत बांधायचं राहिलं."

"आणि जिनं बांधलं, ती बाई?"

"तिला कुठे कळणार आहे?"

असला हा दीडशहाणा. रस्त्यातल्या दगडाला पाय लागला तरी आपण हात जोडतो, आणि यानं मेलेल्या पोराचं लाळेरं खिशात घातलं. पाचशे लाइक मिळाले म्हणे.

रात्री सव्वादोनला माझी बेल वाजली. दारात स्वरूप. त्यानं नुसतं घराकडे बोट दाखवलं.

मी गेलो. देवाचा दिवा जळत होता. बाई जमिनीवर बसलेल्या, हातात दूधभाताची वाटी. समोर कुणी नाही...

"हळू... सांडेल..."

चमचा भरून पुढे गेला. रिकामा मागे आला.

पुन्हा भरला. पुन्हा रिकामा.

खाली शीत नाही. थेंब नाही.

आणि या दिवट्यानं काय करावं? कॅमेरा उचलला.

बाईंनी मान वळवली नाही. "फोटो नको काढूस. त्याला आवडत नाही."

त्याच्या हातातून कॅमेरा सुटला. तोसुद्धा वाजला नाही, गादीवर पडला.

चौथ्या दिवशी स्वरूप लाळेरं घेऊन जपानला परत गेला. निघताना आईला म्हणाला, तूही चल, इथे एकटी राहू नकोस. पहिल्यांदाच पाया पडून रडला. बाई म्हणाल्या, "मी कशी येऊ? लहान आहे रे तो."

तिकडून फोन आला. "बांधलं, काका. त्याच मूर्तीला. आई आता बरी होईल ना?"

इकडे बाईंनी स्वतःची साडी फाडून नवं लाळेरं शिवलंय. रोज दोरीवर वाळत असतं.

काल सकाळी मी हात लावून बघितलं. सगळं कोरडं. फक्त हनुवटीखाली येतं तेवढंच ओलं होतं...

आणि कोमट.