बाकाची उजवी बाजू

माझ्या गोष्टींतलं निम्मं खोटं असतं, हे इसेयिनमधलं शेंबडं पोरही सांगेल. आज वीज गेलीच आहे, तर उरलेलं निम्मं ऐका.

हरमत्तानच्या कोरड्या वाऱ्याचे दिवस होते. सहाराच्या वाळवंटाकडून आलेली धूळ भर दुपारीही दुधासारखी पसरलेली. मी स्टुडिओत बसून नव्या यशिका-मॅट कॅमेऱ्याचं भिंग पुसत होतो. समोर लामिदी, गावातला दुसरा फोटोग्राफर, भाजलेले शेंगदाणे खात माझा पाणउतारा करत होता. माझा जुना यशिका-ए तीन आठवड्यांपूर्वी मी त्यालाच विकला होता.

“चार काचांचं भिंग म्हणे! गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या मोजणारेस का?”

“तुझ्या डब्यात तीनच काचा. कडेला बसलेली सासू नेहमी पुसट,” मी म्हणालो. “शिवाय पाठीमागच्या लाल खिडकीत आकडे बघत रीळ सरकवा, मग शटर वेगळं ताणा. इथे हँडल फिरवलं की दोन्ही कामं एकदम. न फिरवता बटण दाबलंस तर शटर पडतच नाही. चुकायची सोयच नाही.”

“म्हणजे एकाच चौकटीवर दोनदा फोटो घ्यायचीही सोय नाही. जुळ्यांचं काय करशील, शहाण्या?”

“माझा कॅमेरा सगळं करतो.” गेले तीन आठवडे मी साऱ्या बाजारात हेच सांगत फिरत होतो.

तेवढ्यात दारात सावली पडली. इया इबेजी, म्हणजे जुळ्यांची आई. गावात तिला दुसरं नाव उरलेलं नव्हतं. जुळ्यांपैकीही आता एकच उरली होती. सहा वर्षांची केहिंदे आईच्या लुगड्याला धरून उभी होती. हाताच्या काड्या झालेल्या.

जुळ्यांतली एक गेली की आमच्याकडे उरलेलीला फोटोला बसवतात. आधी बाकाच्या एका टोकाला स्वतःसाठी, मग दुसऱ्या टोकाला बहिणीसाठी. दर वेळी अर्धं भिंग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचं आणि दोन्ही एकाच चौकटीवर घ्यायचे. फोटोत दोघी शेजारी बसतात.

“महिना झाला तायवोला जाऊन,” इया इबेजी म्हणाली. “ही जेवत नाही. अर्धं ताट तिच्यासाठी बाजूला ठेवते, आणि स्वतःचं अर्धंही तसंच टाकते. जन्माला येताना तायवोच पुढे आली होती. जग बघितलं आणि मग हिला हाक मारली. आता तिकडेही तीच पुढे गेलीय... तिनं हाक मारायच्या आत तिला इथं बसायला जागा द्या, फोटोवाले. या नव्या मशीनवर जमेल ना?”

लामिदीचं हसू मावळलं. “माझा कॅमेरा घे रे,” तो हळूच म्हणाला. “पोरीचा प्रश्न आहे.”

घ्यायला हवा होता. पण तीन आठवड्यांची फुशारकी गिळायची कशी?

“जमेल,” मी म्हणालो.

बेत साधा होता, लबाडीचा. दोन वेगळ्या चौकटींवर दोन फोटो घ्यायचे आणि अंधाऱ्या खोलीत एकाच कागदावर जोडायचे. बाईला काय कळतंय!

केहिंदेला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं. तिच्या एकाच कानात बाळी होती. दुसरी आईनं तायवोच्या कानात घालून पाठवली होती. बटण दाबलं. खट्. मग हँडल फिरवायला गेलो, तर ते जागचं हलेना.

“तिकडे सरक, बाळ,” मी वेळ काढायला म्हणालो.

“नाही.”

“का गं?”

“तिथं जागा नाही.”

खोलीत पामतेलात शिजलेल्या चवळीचा वास आला. जुळ्यांसाठी रांधतात तसली. शेजारपाजारी कुठे चूल पेटलेली नव्हती. इया इबेजीनंही वास घेतला आणि मान खाली घातली. हँडल कशानं अडकलंय ते पाहायला म्हणून मी बटण दाबलं.

खट्.

हँडल न फिरवता. त्यानंतर मात्र ते लोण्यातून फिरावं तसं फिरलं.

संध्याकाळी फिल्म धुतली. लामिदी शेजारीच उभा होता. सातव्या चौकटीत बाकावर दोन मुली होत्या. डावीकडचीच्या एका कानात बाळी होती, उजवीकडचीच्या दुसऱ्या. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. बहिणीकडे बघत होती.

“पुठ्ठा कधी लावलास?” लामिदीनं विचारलं.

“लावलाच नाही.”

“तुझं मशीन... सगळं करतं रे.”

त्यानंतर त्यानं मला कधी टोमणा मारला नाही. मला खरी भीती वाटली ती या गोष्टीचीच.

फोटो घरी गेला त्या दिवशी केहिंदे जेवली. दोन ताटं. पोर जगली, अंगानं भरली, मोठी झाली. मधल्या चौदा वर्षांत त्या हँडलानं मला एकदाही त्रास दिला नाही.

मागल्या महिन्यात ती लग्नाचा फोटो काढायला आली. मी सांगायच्या आत जाऊन बाकाच्या डाव्या टोकाला बसली. कानात तीच एक बाळी. नवरदेव उजवीकडे टेकायला गेला, तर तिनं त्याला हसून मागे उभं केलं.

मी बटण दाबलं. खट्. हँडलला हात घातला. हलेना.

मी मान वर केली. केहिंदे शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होती, शांतपणे, घरातलं माणूस आवरत असताना थांबावं तशी.

“घाई करू नका, बाबा,” ती म्हणाली. “ती अजून बाळी घालतेय...”