दुरुस्तीचा दिवा

ओसाकातल्या त्या प्रयोगशाळेत भिंतभर लहान दिवे होते आणि केतकी नाडगौडाला त्यातल्या प्रत्येकाचा राग होता. दिवा लागला की तिच्या यंत्राचं भाकीत चुकलेलं असे.

टीव्हीला जोडलेले गेमचे खोके टेलिफोनच्या तारेवरून नुकतेच एकमेकांशी खेळू लागले होते. तार मंद होती, खेळाडू उतावळे. साप्पोरोच्या क्लबचा अजिंक्यवीर साकाकी तर थेट टेबलावर मूठ आपटत आला होता.

"तुमच्या खोक्यात प्रतिस्पर्ध्याची प्रतिमा असते," केतकी म्हणाली. "त्याची पुढची चाल ती आधीच ओळखून दाखवते. चुकली तरच तारेवरून दुरुस्ती येते. काहीच आलं नाही, म्हणजे बरोबर ओळखलं."

"आणि टोमणे?"

"तेही. तयार वाक्यांतूनच निवडता ना?"

"व्याख्यान नको. तो 'कोल्हा' नावाने खेळणारा मला रोज भेकड म्हणतो. त्याला हाकला, नाहीतर आमचा अख्खा क्लब बाहेर पडेल."

विभागप्रमुख मोरिओकांनी मानही वर केली नाही. "काढा त्याची तार."

"एकदा त्यांची बाजू तरी—"

"नाडगौडासान, तुम्हाला यंत्र सांभाळायला आणलंय. न्यायनिवाडा करायला नाही."

केतकीने तार काढली आणि कोल्ह्याला फोन लावला. कोल्हा म्हणजे कागोशिमाच्या संगीतशिक्षिका ओनो.

"ते मला कासव म्हणाले, म्हणून मी भेकड म्हटलं," ओनो म्हणाल्या. "खरं तर आधी मीच चिडवलं होतं. त्यांना सांगा, मी माफी मागते. पण मला परत घ्या हो. इथे माझ्याशी खेळायला दुसरं कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकीने हा निरोप साकाकीला फोनवर दिला.

"माफी?" तो किंचाळला. "आत्ता, या क्षणी कोल्हा मला भेकड म्हणतोय! तुम्ही तार काढलेलीच नाही!"

तार तर केतकीने स्वतः काढली होती. तार नाही, म्हणजे दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही, म्हणजे खोक्याच्या लेखी सगळं बरोबर.

"साकाकीसान, तो कोल्हा नाही. तुमचा खोकाच आहे. बंद करा तो."

"मी त्याला ओळखत नाही होय? आणि हरत असताना बंद करू? आधी त्याला लोळवतो!" फोन आपटला गेला.

ती धावत मोरिओकांकडे गेली. "ओनोसानची तार पुन्हा जोडू द्या. त्यांची माफी त्या खोक्यात शिरायला वाटच उरलेली नाही."

मोरिओका भिंतीकडे बघत होते. शेकडो दिवे लुकलुकत होते. साकाकी आणि ओनोंचे मात्र विझलेले.

"कालपासून यांचं एकही भाकीत चुकलेलं नाही," ते म्हणाले.

"चूक सांगणारंच कोणी राहिलं नाही म्हणून!"

"क्लब सोडून निघालेला माणूस आता जागचा उठत नाही. टेलिफोनची तारही लागत नाही." त्यांनी कोटाच्या बाह्या सरसावल्या. "उरलेल्यांच्याही काढा."

केतकी हलली नाही. बाजूच्या टेबलावर फोन वाजायला लागला. पलीकडे ओनो असणार, उत्तर ऐकायला. मोरिओका स्वतःच उठले. एकेक तार निघाली, एकेक दिवा विझला आणि भिंत हळूहळू अचूक होत गेली.