साठ हरभरे आणि सात शेवटच्या प्रती

हरभऱ्याला चार दिवसांतून एकदा एक चमचा पाणी द्यायचं, हे रेणुका, इस्माईल आणि मी, आम्ही तिघांनी नीट ठरवलं होतं. पाणी घालणारा आमचा यंत्रमानव टाचणी संगणकातल्या कागदावर लिहिल्याशिवाय इकडची काडी तिकडे करत नाही. तरीही अकराव्या दिवशी वाफ्यात नुसता चिखल होता आणि साठच्या साठ रोपं मुळापासून कुजली होती. मग चुकलं कोण?

मी शाल्मली पेडणेकर. चंद्रावरच्या आमच्या वसाहतीतल्या शाळेत सातवीत आहे. गटप्रमुख मीच, त्यामुळे उत्तर मलाच द्यायचं होतं, आणि तेही आजोबांना. चंद्राच्या भुकटीसारख्या मातीत उगवेल असा हरभरा त्यांनी एकोणीस वर्षं संकर करून (दोन वाणांचे चांगले गुण एका बियाण्यात आणून) तयार केला होता. त्याचे एकूण दाणे साठ. एकसष्टावा कुठेच नाही. ते सगळे त्यांनी हौसेने आमच्या हातात दिले आणि आम्ही त्यांची माती केली.

आजोबा आले. एक रोप उपटून त्यांनी हुंगलं आणि तिथेच स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"टाचणी, तू कोणता कागद वाचलास?"

"सर्वांत नव्या तारखेचा, डॉक्टर. इस्माईलने सोमवारी जतन केलेला. त्यात पाणी दिवसातून तीनदा, एकेक वाटी आहे."

"मी पाण्याला हातसुद्धा लावला नाही!" इस्माईल रडवेला झाला. "मी फक्त वाफ्याचं चित्र रंगवलं."

"कोणत्या प्रतीत?"

"माझ्याकडे होती ना, पहिली... तिच्यात."

"एकूण प्रती किती आहेत?"

रेणुकाने मोजल्या. सात निघाल्या. 'शेवटची', 'अगदी शेवटची', 'रेणुकाची शेवटची', 'हीच खरी शेवटची', असं करत करत सात. एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो.

"अरे, पण सगळ्यांनी एकाच प्रतीत का नाही लिहिलं?"

"दुसऱ्याच्या वहीत लिहायचं नाही, आजोबा," मी म्हणाले.

आमच्याकडे हा नियम फार कडक आहे. कागद पृथ्वीवरून येतो, वर्षाला प्रत्येकाला एकच वही मिळते आणि दुसऱ्याच्या वहीला पेन लावणं म्हणजे मोठा गुन्हा. आम्ही इतके गुणी की संगणकावरही तसंच वागलो. रेणुकाचा पाण्याचा चुकलेला आकडा सुधारायचा, तरी मी आधी वेगळी प्रत करून घेतली; पहिलीत तो तसाच राहिला.

आजोबांनी डोळे पुसले आणि पडदा पुढे ओढला.

"हे बघा, हे दस्तऐवज व्यवस्थापन सॉफ्टवेअर (सगळ्यांचे कागद एकाच जागी ठेवून त्यांची राखण करणारी प्रणाली). इथले इंजिनिअर हेच वापरतात. कागद एकच. ज्याला बदल करायचा आहे त्याने पान आपल्या नावावर घ्यायचं. ते परत येईपर्यंत बाकीच्यांनी वाचायचं, लिहायचं नाही."

"आणि परत केल्यावर जुनं पुसलं जातं?" रेणुकाने विचारलं.

"नाही गं. नवी आवृत्ती (कागदाचं त्या वेळचं रूप) तयार होते, तिला क्रमांक मिळतो. जुनी खाली तशीच राहते. शेजारी नोंद होते, बदल कोणी केला, कधी केला, का केला. सगळ्यांना पटलं की त्या आवृत्तीवर 'मंजूर' असा शिक्का. टाचणीने तारीख बघायचीच नाही, शिक्का बघायचा. नवीन ते बरोबरच असतं असं कुठे आहे?"

मला सगळं समजलं. अगदी सोपं होतं. पण हे वरातीमागून घोडं झालं, रोपं काही उठून बसणार नव्हती. मला स्वतःचा भयंकर राग आला.

"आजोबा, आपण पुन्हा करू. कोणत्या वाणाचा कोणाशी संकर केला ते फक्त सांगा."

आजोबांनी कपाटातून तीन वह्या आणल्या. एक त्यांची, दोन त्यांच्या साहाय्यकांच्या. ते दोघेही आता हयात नाहीत. सातव्या संकराशी आजोबांचं बोट थांबलं. तारीख तिन्हीकडे तीच होती, वाण मात्र तीन ठिकाणी तीन वेगळे.

"यातला खरा कोणता?" मी विचारलं.

"आठवत नाही," आजोबा म्हणाले. "दुसऱ्याच्या वहीत लिहायचं नाही, म्हणून त्यांच्या वह्या मी कधी उघडल्याच नाहीत. शाळा सुरू केली तेव्हा तो नियम मीच घातला होता, शालू."

आणि ते आमच्यासमोर रडले.

शेवटी रेणुकाने प्रणालीत एक नवा कागद उघडला. पान आधी आजोबांनी घेतलं आणि एका बोटाने टाइप केलं, 'सातवा संकर नक्की माहीत नाही. तिन्ही करून पाहावे लागतील. किमान एकोणीस वर्षं.' कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माझी चूक.' मग ते पडद्याकडे नुसते बघत राहिले.

"डॉक्टर, पान अजून तुमच्या नावावर आहे," टाचणी म्हणाला. "तुम्ही परत करेपर्यंत दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही."

आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली असणार, कारण मीही केली.

"हो, परत करायलाच हवं," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

मी बारा वर्षांची आहे. पान मी माझ्या नावावर घेतलं आणि खाली लिहिलं, 'तिन्ही वाणांचं बियाणं पृथ्वीवरून मागवलं.'