कोपऱ्यातल्या बाईंना डबल क्लिक जमत नाही

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण माझी सख्खी मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही, आणि भुताखेतांवर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

नव्हता... गेल्या हिवाळ्यातल्या त्या गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत.

मावशी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वयस्कर मंडळींना कॉम्प्युटर शिकवते. लांबट खोली, भिंतीला लागून जुने कॉम्प्युटर, एकच खिडकी. कोपऱ्यातला शेवटचा कॉम्प्युटर बंद पडलेला. त्याची वायर काढून गुंडाळून ठेवलेली. माऊस तर केव्हाच दुसऱ्या टेबलावर गेलेला.

त्या दिवशी थंडीमुळे दोघंच आले होते. एक कप्तान, म्हणजे जन्मभर बस चालवलेले काका. दुसऱ्या निवृत्त नर्सबाई. त्यांच्या लेकीने रागाच्या भरात फोन घेणं बंद केलं होतं. ईमेल तरी वाचेल, एवढीच त्यांची आशा.

मावशीचं डोकं भणभणलं होतं.

"काका, माऊस उचलू नका. टेबलावरच फिरवा."

"अहो, टेबल संपलं की!"

तिकडे नर्सबाईंनी लिहिलेलं सगळं पुन्हा उडवलं होतं.

"बाई, माझं गेलं कुठे?"

"पालथ्या घड्यावर पाणी," मावशी पुटपुटली. मग आवाज चढवून म्हणाली, "परत सुरुवात करू. त्या चित्रावर डबल क्लिक. दोनदा. पटकन!"

टक-टक. नर्सबाई.

टक-टक. कप्तान.

आणि मग...

टक.

...टक.

"आता हे कोण?" मावशी वैतागली.

"त्या कोपऱ्यातल्या," नर्सबाई म्हणाल्या. "जमत नाहीये त्यांना. हात थरथरतोय बिचारीचा."

मावशीने पाहिलं.

खुर्ची रिकामी होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी चेष्टा करताय का?"

"चेष्टा कसली?" कप्तान म्हणाले. "मघापासून बसल्यात. तुम्हीच त्यांच्याकडे बघत नाही."

टक.

...टक.

मावशी तरातरा कोपऱ्यात गेली. टेबलावर धुळीचा थर. माऊस नाही. वायर नाही.

टक.

आवाज तिच्या अगदी नाकासमोरून आला.

दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. पण मावशी संध्याकाळभर तेच तेच सांगून इतकी कावली होती की भीतीच्या आधी जीभच सुटली.

"अहो, मध्ये थांबायचं नाही! किती वेळा सांगायचं?"

शांतता.

मग...

टक-टक.

बरोब्बर.

"जमलं हो!" कप्तानांनी टाळी वाजवली.

आता मावशीच्या काळजात धस्स झालं. कारण समोरच्या कीबोर्डवरचं एक बटण आपोआप खाली गेलं. वर आलं. बऱ्याच वेळाने दुसरं. नवशिका माणूस अक्षरं शोधत शोधत दाबतो ना, तसं.

स्क्रीन काळाच होता. त्यात फक्त मावशीचा चेहरा दिसत होता.

नर्सबाई चष्मा सावरत आल्या, वाकल्या आणि त्या काळ्या स्क्रीनवरचं वाचायला लागल्या.

"बाई... रागावू... नका."

मावशीची बोबडी वळली. कशीबशी पर्स उचलून ती दाराकडे निघाली.

"अहो, पण माझा ईमेल?" नर्सबाईंचे डोळे भरून आले होते. "आज नाही गेला तर परत धीर नाही व्हायचा मला."

मावशी दारात थबकली.

शेवटी परत फिरली. नर्सबाईंच्या शेजारी बसली, कोपऱ्याकडे पाठ करून. इथे दाबा, हे लिहा, आता तिथे दाबा. एकेक पायरी सांगत राहिली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मावशीने वळून पाहिलं नाही.

"आता 'पाठवा' वर क्लिक करा."

ईमेल गेला. नर्सबाई हसल्या. पण मावशीकडे बघून नाही... तिच्या खांद्यावरून मागे बघून.

"बघितलंत ना? असं पाठवायचं."

"कु... कुणाला सांगताय?"

"त्यांना. तुमच्या मागेच उभ्या आहेत. म्हणतात, इथून नीट दिसतं."

त्यानंतर मावशीने वर्ग खालच्या मजल्यावर हलवला. ग्रंथपालांना नीटसं कारण सांगितलं नाही. सांगणार तरी काय? लेकीचं उत्तर आलं. कप्तानांना माऊस जमला. पण "त्या बाई कोण होत्या?" असं विचारलं की दोघंही मावशीच्याच तोंडाकडे बघतात. म्हणतात, आम्हाला वाटलं तुमच्या ओळखीच्या.

मावशी हल्ली भिंतीला पाठ टेकूनच शिकवते. आवाज चढवत नाही. कुणी दहादा चुकलं तरी नाही.

मी तिला एकदा विचारलं, "एवढी घाबरतेस, तर वर्ग सोडून का देत नाहीस?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली,

"सोडला... आणि ती शिकायला घरी आली, तर?"