न्यायाधीशाचं शेवटचं वाक्य

सिरिल ब्रॅकेट त्या सोमवारी दुपारी थिएटरात लवकर आला, तो फक्त न्यायाधीशाचा विग मापाचा आहे का ते बघायला. विग मापाचा निघाला. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

अडतीस वर्षं हा माणूस ट्रे घेऊन रंगमंचावर येत होता. बटलर, डॉक्टर, पाद्री, इन्स्पेक्टर. "गाडी दाराशी आलीय, मॅडम," एवढं बोलायचं आणि चालू पडायचं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं एकही थिएटर त्यानं सोडलं नव्हतं, आणि एकाही गावात त्याला कुणी नावानं ओळखत नव्हतं. लोक रस्त्यात थांबवायचे. "अहो, तुम्ही ते हे ना... काय बरं..." आणि नाही आठवलं की खुशाल निघून जायचे. नुसता जीव उबगला होता त्याचा. पण गेल्या आठवड्यात मुख्य नट कावीळ होऊन पडला आणि न्यायाधीशाचं काम सिरिलकडे आलं. नाटकातलं शेवटचं वाक्य त्याचं! वर लंडनचा एक बडा निर्माता त्याच संध्याकाळच्या पहिल्या खेळाला यायचा होता. एकसष्टाव्या वर्षी अशी संधी परत कुठली यायला?

आता, तालमीत नाटकाचं शेवटचं वाक्य कुणी म्हणायचं नाही, हा या नाटकवाल्यांचा दंडक. ते पहिल्यांदा उच्चारायचं ते भरल्या प्रेक्षागृहासमोर. तोवर त्या जागी 'टम टी टम' म्हणून वेळ मारून न्यायची. का, ते कुणी विचारत नाही.

रंगीत तालमीत सिरिलनं इमानेइतबारे 'टम टी टम' केलं. तेवढ्यात खालून दिग्दर्शक डेन्झिल, तिशीचं पोर, ओरडलं, "सिरिल, राजा, बटलरसारखा काय उभा राहतोस रे? ट्रे राहिला वाटतं घरी!"

सगळे खो-खो हसले आणि हसत हसतच चहाला गेले. सिरिल गेला नाही.

समोर काळोख, डोक्यावर एकच दिवा. बाहेर समुद्र घोंगावत होता. "टम टी टम म्हणे! त्यात कुठला न्यायाधीश दिसणार, मेल्या?" तो पुटपुटला. मग ताठ उभा राहिला आणि ज्युरीला निरोप देण्याचं ते वाक्य खणखणीत आवाजात म्हणाला.

"सभ्य गृहस्थहो, तुमचं काम संपलं. आता तुम्ही सगळे घरी जाऊ शकता."

असा आवाज त्याला जन्मात लागला नव्हता. तो स्वतःवरच खूश झाला.

खाट्.

वर गॅलरीत एक खुर्ची मिटली. माणूस उठला की मिटते ना, तशी. मग शेजारची. मग अख्खी रांग, त्याखालची रांग... खाट्, खाट्, खाट्... काळोखातून ओल्या लोकरी कोटांचा आणि संत्र्याच्या सालींचा वास आला. कुणीतरी खोकलं. एक बाई हळूच म्हणाली, "चला... सुटलो एकदाचे..."

"कोण... कोण आहे तिकडे?"

त्यानं धावत जाऊन सगळे दिवे लावले. चिटपाखरू नव्हतं.

साडेसहाला खेळ सुरू झाला, आणि काय रंगला! सिरिलनं ट्रेचं भूत पार उतरवून टाकलं. निर्माता पुढे वाकून बघत होता. शेवटी सिरिल उभा राहिला आणि छाती भरून वाक्य म्हणाला.

प्रेक्षक ढिम्म. आडोशातून प्रॉम्प्टर मिस लव्हेज कुजबुजली, "सभ्य गृहस्थहो..."

तो पुन्हा म्हणाला. तिनं पुन्हा सुचवलं. तिसऱ्यांदा तो ओरडला, घसा फाटेस्तोवर. समोर कुणीतरी फिदीफिदी हसलं, आणि पडदा पाडावा लागला.

"एक वाक्य, सिरिल! एक!" डेन्झिलनं कपाळ बडवून घेतलं. "तो निर्माता टोपी घालून स्टेशनवर गेलासुद्धा!"

"अरे, बोललो ना मी! तीनदा बोललो!"

मिस लव्हेजचे डोळे भरले होते. "ओठ हलत होते हो तुमचे, मिस्टर ब्रॅकेट... पण आवाज... आवाजच नव्हता."

सिरिल खोलीत जाऊन ढसाढसा रडला. नशिबाला, डेन्झिलला, स्वतःला शिव्या घालून झाल्या. अडतीस वर्षं पाण्यात गेली होती. तोंड पुसून, कोट घालून तो मागच्या दाराशी आला, तर दारवान गॅफनी वैतागून बसलेला.

"आवरा की लवकर, साहेब! केवढी रांग लागलीय तुमच्यासाठी. पावसात उभे आहेत बिचारे. आत या म्हटलं तर ऐकत नाहीत."

"माझ्यासाठी?" सिरिल थबकला. "माझ्यासाठी कोण येतंय, गॅफनी?"

"मला काय ठाऊक? पण नाव घेऊन विचारतायत. सिरिल ब्रॅकेट कधी सुटतात... आम्ही थांबतो, म्हणाले... बरोबरच जाऊ..."

सिरिलनं दार उघडलं.

बोळात कुणी नव्हतं. पाऊस कोसळत होता, फरसबंदी दिव्याखाली चमकत होती. फक्त तिच्यावर पावलांएवढे कोरडे ठसे होते, जोडीजोडीनं, एकामागे एक, बोळ संपून समुद्राकडे उतरत गेलेले. पाऊस त्यांच्यावरही पडत होता. ते भिजत नव्हते.

आणि रांगेच्या अगदी पुढे, उंबऱ्यापाशी, एका माणसापुरती जागा मोकळी सोडलेली होती.