कस्तुराचा खिळा

साहेब, तुम्ही आमच्या बायकांना चोरून बघितलंत.

नाव लिहीत नाही. तुमचं तुम्हाला कळेल. बाकीच्यांना खोटं वाटलं तर वाटू दे. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या, नूरबीच्या बाबतीत घडलंय. साल १९८१. चिंचवडजवळची एक कंपनी. भर दुपार.

तिथं पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर बसण्याआधी बायका आरामखोलीत बांगड्या उतरवून ठेवतात. जिचा तिचा खिळा ठरलेला.

आदल्या वर्षी प्रेसनं त्यांच्यातल्याच कस्तुराला खाल्लं, जागीच गेली. तिच्या हिरव्या बांगड्या खिळ्यावरच राहिल्या. कुणी हात लावला नाही.

त्या दुपारी कॅन्टीनवाला रजेवर. पाहुण्यांचा चहा घेऊन नूरबीला हॉलमध्ये पाठवलं.

पडदे ओढलेले. एक खुर्ची, समोर टीव्ही, भोवती उभे पाहुणे.

टीव्हीवर... आरामखोली!

नूरबीच्या शेजारच्या मशीनवरची आक्काबाई लुगडं बदलत होती.

नूरबी चहासकट दोन पावलं मागं सरली.

"घाबरू नका बाई," मुंबईहून आलेला कलाकार म्हणाला. "झरोक्यात कॅमेरा बसवलाय. त्यांना माहीतच नाही, हीच तर गंमत. बघणाऱ्यानं स्वतःला ओळखायचं. कला आहे ही."

तुम्ही खुर्चीत बसून हसत होतात, साहेब.

टीव्हीला आवाज नव्हता. तरी...

किण. किण.

टीव्हीवर कस्तुराच्या खिळ्याखाली एक बाई पाठमोरी बसली होती. सावकाश बांगड्या भरत होती. नूरबीनं अंबाड्यावरून ओळखलं.

"साहेब, ही कस्तुरा हाय. मेलीय ती!"

"मेली तरी कामावर? मग हजेरी लावा तिची!" तुम्ही म्हणालात.

सगळे हसले.

मग ती वळली... आणि तिनं सरळ तुमच्याकडं बघितलं.

नूरबी धावत आरामखोलीत गेली. आत आक्काबाई एकटीच.

"काय गं, भूत बघितलंस का?"

नूरबीनं खिळ्याकडं बोट दाखवलं.

खिळा रिकामा होता.

दोघी हॉलकडं पळाल्या. टीव्हीवर आता आरामखोली नव्हती. पाठीमागून एक खुर्ची दिसत होती. खुर्चीत तुमचं टक्कल. आणि तुमच्या खांद्यावर... बांगड्या भरलेला हात.

हॉलमध्ये कॅमेरा नव्हता. खुर्चीमागं कुणी नव्हतं.

खाली फरशीवर हिरव्या काचा पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नूरबीला कामावरून काढलंत. म्हणे, अफवा पसरवते! आक्काबाई गप्प बसली. तिला पोरं जगवायचीत.

कॅमेरा उतरवला म्हणता. मग काळेवाडीच्या खोलीत, दाराला कडी घालून माझी बहीण साडी बदलते, तेव्हा ती किणकिण कुठून येते? कस्तुरा तिची राखण करते...

की अजून कुणी बघतंय?

साहेब, उत्तर द्या.